दीड पानांचा शब्द

बुटांची जोडी डाव्या हातात, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले आणि डोक्यावर खाकी टोपी, अशा थाटात तो माणूस भरतीच्या पाण्यातून आमच्या पडावाकडे, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबताकडे, चालत यायचा. आणायला होडी पाठवली तरी बसत नसे. म्हणे, "पाण्यात पाय घातल्याबगर पाण्याचां काय समाजता?"

मी त्याला 'तो' म्हणतो. तेव्हाही पाठीमागे 'तो'च म्हणत होतो. माणूस गेल्यावर त्याचा मान वाढवायचा ही माझी रीत नाही.

आमच्या बंदरावर तो कस्टमचा कारकून होता. पडाव माल भरून निघायचा तर कागदावर त्याची सही लागे आणि सहीच्या वर एक इंग्रजी शब्द लागे. क्लिअर. तो शब्द पडला की पडाव सुटला, नाही पडला तर नांगर आहे तिथे. त्याच्या आधीचे कारकून विडी ओढत, मान वर न करता लिहून देत. याच्याकडून तो शब्द काढायचा म्हणजे अर्धा दिवस गेला समजायचं.

माझं शिक्षण मराठी तिसरी. इंग्रजी शब्द मला सगळे मिळून तीस-चाळीस येत असतील. पण हा एक शब्द मला जेवढा येतो तेवढा माझ्या कॉलेजात गेलेल्या नातवाला येत नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

तो वेंगुर्ल्याकडचा ख्रिश्चन. लग्न केलं नव्हतं. चर्चच्या मागे माडांत एका विधवा बाईकडे खोली घेऊन राहायचा. सुरुवातीची अकरा वर्षं त्यानेही इतरांसारखाच तो शब्द लिहिला, असं तो स्वतःच सांगे. मग एके दिवशी कागदावर लिहिता लिहिता त्याच्या मनात आलं की आपण हे लिहितो म्हणजे नक्की काय लिहितो. चर्चच्या शाळेतल्या मास्तरांकडे जाड डिक्शनरी होती, ती उघडून बघितली.

"दीड पान, तांडेल," तो मला सांगायचा. तांडेल म्हणजे पडाव हाकणारा, तो मी. "एका शब्दाक दीड पान. आनी मी अकरा वरसां तां दीड पान सही करून दितंय, बघूक मात एक ओळ बघूक नाय."

ते दीड पान त्याने स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं आणि हापिसातल्या मेजाच्या झाकणाला आतून चिकटवलं. झाकण उघडलं की त्याला ते दिसे. आभाळ निवळ असलं तर क्लिअर, पाणी नितळ असलं तर क्लिअर. घसा खाकरून मोकळा केला तर क्लिअर. अक्षर लागत असेल, आवाज ऐकू येत असेल, डोकं ठिकाणावर असेल, वाटेत काही आडवं नसेल, जेवल्यावर पाट-ताटं उचलली असतील, कोर्टातून माणूस निर्दोष सुटला असेल, सगळ्याला तोच शब्द. असे सव्वीस अर्थ होते म्हणे. त्यातला एक घोड्याने कुंपणावरून उडी मारून पार होण्याचा होता. "तो तुमका लागू नाय," असं तो आम्हांला गंभीरपणे सांगे. बाकीचे पंचवीस लागू.

त्याची तपासणी अशी असे. आधी किनाऱ्यावर उभा राहून आभाळ बघायचं. मग पाण्यातून येऊन पडावावर चढायचं. तळातलं पाणी नारळाच्या करवंटीत घेऊन उन्हात धरायचं, गढूळ दिसलं तर फळीतून कुठून आत आलं ते दाखवा म्हणायचं. मग तांडेलाला घसा खाकरायला लावून "आता किनाऱ्यार ऐकाक जायत अशी हाक मार" म्हणायचं. सगळ्यात शेवटी हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून तो पडावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचा. पायाला काही लागलं की तिथेच थांबायचा आणि डोळे उघडायचा. एकदा एकाच्या पडावावर सुंभाच्या गुंडाळीत पाय अडकून तो तोंडावर पडला. सगळे हसले. हा पडल्या जागेवरून म्हणाला, "रातच्या वक्ताक तुमचोच गडी हंय पडतलो, आनी तो पाण्यात पडतलो." उठला, कपडे झाडले आणि त्यांचा कागद तसाच परत दिला.

लोक त्याला क्लिअरसायब म्हणत. चहाच्या दुकानात तो शिरला की कोणीतरी म्हणायचं, "सायबानू, चाय क्लिअर आसा?" तो कपात बघून "दुदाची आसा, कशी आसतली?" असं उत्तर द्यायचा. त्याला चेष्टा कळत नव्हती असं नाही. प्रश्न कोणीही, कसाही विचारला तरी त्याचं उत्तर द्यायचं, असा त्याचा हिशोब होता.

आता माझं सांगतो.

पडाव आमच्या वडिलांचा. माझा थोरला भाऊ, दादा, पोरवयातच मुंबईला गिरणीत गेला. तिथे नऊ वर्षं राहिला, लिहायला-वाचायला शिकला. तेवढ्या वर्षांत मी वडिलांच्या हाताखाली पडाव हाकायला शिकलो. वडील थकले तेव्हा सुकाणू त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यानंतर सहा महिन्यांनी दादा गिरणी सोडून घरी आला आणि त्याने बघितलं की धाकटा तांडेल झालेला.  माझ्या पडावावर साधा गडी म्हणून चढला. तेव्हापासून आम्ही एका घरात राहिलो, एका पंगतीला जेवलो, एका पडावावर फिरलो, पण दोन वर्षं एकमेकांशी बोललो नाही. तो थोरला, म्हणून मी आधी बोलावं असं त्याचं म्हणणं. तांडेल मी, म्हणून त्याने आधी बोलावं असं माझं. माझं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही.

पण पडावावर न बोलून चालत नाही. दोर सोडताना तांडेलाने गड्याचं नाव घेऊन सांगायचं आणि त्याने "सोडलो" म्हणून ओरडायचं, ही सगळीकडची रीत. आम्ही त्यावर तोड काढली होती. पडावावर जेवण रांधायला बाबलकाका होता, वडिलांच्या वेळचा म्हातारा. मी त्याला सांगायचं, त्याने दादाला सांगायचं. दादा माझ्यापासून चार हातांवर असला तरी निरोप बाबलकाकाच्या तोंडूनच जायचा.

त्या साली वैशाख संपत आला होता. मोसमातली शेवटची फेरी, नारळ आणि सुंभ मुंबईला. ती करून आलं की पडाव किनाऱ्यावर ओढायचा, झावळांनी झाकायचा आणि नारळी पुनवेपर्यंत बसायचं. व्यापारी नवा होता. ही फेरी वेळेवर पोचली तर पुढच्या मोसमाचा सगळा माल मला देईन, असं त्याने चारचौघांत सांगितलं होतं. नाही पोचली तर गाव काय म्हणेल तेही मला माहीत होतं. धाकट्याच्या हाती सुकाणू दिलं की असंच व्हायचं, असं म्हणतील, आणि दादा ते ऐकत उभा राहील.

क्लिअरसायब आला. आभाळ बघितलं, करवंटीतलं पाणी बघितलं, माझा घसा ऐकला. डोळे मिटून चालला, कुठे अडखळला नाही. कागद मांडीवर घेतला आणि लेखणीचं टोपण काढलं. तेवढ्यात मी म्हटलं, "काका, तेका सांगा, फुडलो दोर ढिलो कर."

बाबलकाका म्हणाला, "फुडलो दोर ढिलो कर रे."

दादा म्हणाला, "काका, तेका सांगा, केलंय."

क्लिअरसायबाने लेखणीला परत टोपण लावलं.

"हो पडाव क्लिअर नाय," तो म्हणाला.

"काय ऱ्हवलां? माल बघितलात, पाणी बघितलात, वाट बघितलात."

"वाट खंय बघितलंय? तुज्या नि तुज्या भावाच्या मदी एक माणूस आडवो आसा."

बाबलकाका बिचारा उठला. "मी बाजूक होतंय, सायबानू."

"तू बस. तू आपणाहून थंय उभो नाय, तुका ह्या दोगांनी उभो केलोहा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वारो फिरलो नि शिडाचो वासो फिरलो, तर तू ह्येका सांगतलंस, हो तेका सांगतलो. तवसर वासो थांबतलो?"

"ह्यां खंयच्या कायद्यात आसा?"

"कायद्यात नाय," तो म्हणाला. "डिक्शनरीत आसा."

बूट हातात घेऊन तो पाण्यातून गेला.

मी दादाशी बोललो असतो तर पडाव तासाभरात सुटला असता. सगळ्या बंदराला ते कळत होतं आणि मलाही. पण सरकारी कारकुनाने सांगितलं म्हणून भावाशी बोलायचं हे मला जमणारं नव्हतं. दादालाही जमणारं नव्हतं, त्याच्या तोंडावरून दिसत होतं. या एका गोष्टीत आमचं एकमत होतं.

तीन दिवस गेले. आमच्या मागून आलेले दोन पडाव निघून गेले. त्यातला एक तांडेल जाता जाता ओरडला, "काय रे, पडावाक मुळां फुटली काय?" व्यापाऱ्याचा माणूस येऊन सांगून गेला की शनिवारपर्यंत नाही सुटलास तर माल उतरवून दुसऱ्याच्या पडावात भरतो. तेव्हा मी ठरवलं, वरच्या सायबाकडे अर्ज करायचा.

बाजारात अर्ज लिहून देणारे एक म्हातारे गृहस्थ बसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकट्या तांडेलाची सही म्हणजे खाजगी भांडण वाटेल. पडावावरच्या दुसऱ्या माणसाची पाहिजे. अंगठा नको, सही."

पडावावर माझ्याशिवाय सही येणारा एकच होता. मी बाबलकाकाला पाठवलं. दादा येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. मेजाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मी अलीकडे. बाबलकाका मध्ये बाकावर बसला.

म्हाताऱ्यांनी अर्ज लिहून वाचून दाखवला. सदर कारकून विनाकारण पडाव अडवतो, नियमाबाहेरचे प्रश्न विचारतो, असं सगळं होतं. शेवटी त्यांनी आपल्या मनाने घातलं होतं, 'तसेच सदर इसम कामावर असताना दारू पितो.'

"तां काढा," दादा म्हाताऱ्यांना म्हणाला. "दारू पिना नाय तो."

"ऱ्हवांदे," मी म्हटलं. "अर्जाक वजन येता."

दादाने माझ्याकडे बघितलं. "खोटां कित्याक लिवचां?"

"तुका पडाव सुटूक होयो काय नको?"

"होयो. पण खोट्यार नको. बापाशीच्या पडावाचो अर्ज आसा, माजी सही खाली जातली."

"माजीय जातली मरे. तुजी एकट्याची काय?"

"मगे तुका लाज दिसाक नको?"

"लाज माका शिकवतंस? नव वरसां खंय होतंस?"

"पैशे कोण धाडी होतो? तुजो पडाव दुरुस्त खंयच्या पैशान झालो?"

असं बरंच चाललं. बाजारातली माणसं थांबून ऐकू लागली. बाबलकाका कोणाकडे बघावं ते न कळून छपराकडे बघत बसला होता. शेवटी मीच म्हटलं, "खोडा तां." म्हाताऱ्यांनी ती ओळ खोडली आणि आम्ही एकाखाली एक सह्या केल्या. थोरल्याची वर व्हायला हवी होती की तांडेलाची, यावरूनही आणखी थोडं झालं. वर माझी आहे.

परत येताना दादा किनाऱ्याने गेला, मी बाजारातून. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की आम्ही बोललो.

तरी अर्ज मी मागे घेतला नाही. दादानेही घे म्हटलं नाही. अर्ज खरा होता.

शुक्रवारी वरचे सायब एसटीने आले. हापिसात खुर्चीवर ते बसले, समोर क्लिअरसायब उभा, आणि भिंतीला टेकून आम्ही तिघे. सायबांनी अर्ज मोठ्याने वाचला आणि विचारलं, "यावर तुमचं काय म्हणणं आहे?"

"अर्ज बघायला मिळेल का, साहेब?" हापिसात तो शुद्ध बोले.

त्याने अर्ज हातात घेतला, चष्मा लावला. वरचा मजकूर त्याने वाचलाच नाही. त्याचं बोट खाली सरकलं आणि खोडलेल्या ओळीवर थांबलं. कागद उजेडाकडे धरून त्याने खोडलेलं वाचलं. मग शुद्ध बोलणं सोडून आमच्याकडे वळला.

"ह्यां कोणी खोडूक लायलां?"

"मी," दादा म्हणाला.

"आनी नको खोडूया कोण म्हणा होतो?"

"मी," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मगे खोडलां कसां? बाबलान सांगलान?"

बाबलकाका पुढे झाला. "माका कोणी कायएक सांगूक सांगूक नाय, सायबानू. दोगय आरडान भांडले. अर्द्या बाजारान ऐकलां."

क्लिअरसायबाने अर्ज सायबांच्या पुढे ठेवला. मेजाचं झाकण उघडून आमच्या पडावाचा कागद काढला, त्यावर तो शब्द लिहिला, खाली सही केली आणि शाई सुकावी म्हणून कागद हवेत हलवला.

सायब म्हणाले, "अहो, चौकशी अजून व्हायची आहे."

"तिची गरज नाही, साहेब. अर्जात लिहिलंय ते सगळं खरं आहे. इतके दिवस मी यांना नियमाबाहेर अडवलं."

"का अडवलंत?"

"अडचण होती. आता नाही."

सायबांनी ते लिहून घेतलं. ते लिहिताना त्याच्या नोकरीचं काय होतंय हे त्याला कळत होतं, आम्हांलाही कळत होतं. मला त्या वेळी काही बोलता आलं असतं. दादा माझ्याकडे बघत होता. मी कागद घेतला आणि बाहेर पडलो. भरती लागली होती.

त्या फेरीत वादळ वगैरे काही आलं नाही. कुणकेश्वरच्या समोर दुपारी वारा फिरला, शिडाचा वासा दादाच्या डोक्याकडे फिरला, मी "दादा, वासो" म्हणून ओरडलो आणि तो खाली वाकला. असं एका फेरीत दहा वेळा होतं. माल वेळेत पोचला आणि पुढचा मोसम मला मिळाला.

नारळी पुनवेला पडाव पाण्यात घातला तेव्हा हापिसात नवा कारकून होता. त्याच्याजवळ रबरी शिक्का होता. जुन्याला इन्सुलीच्या नाक्यावर टाकला होता, गोव्याकडून येणाऱ्या लॉऱ्या तपासायला. नव्याने मान वर न करता शिक्का मारला. त्या दिवशी करवंटीतलं पाणी मीच उन्हात धरून बघितलं. सवय लागली होती.

"एकदा जावन येवया," दादा म्हणायचा.

"कित्याक? अर्ज खरो होतो."

"खरो होतो म्हणानच."

हे असं दोन वर्षं चाललं. आमचं बोलणं परत सुरू झालं होतं म्हणजे भांडणही रोजचंच झालं होतं. शेवटी एकदा निघालो. सोबत सुक्या कोळंबीची, सोड्यांची, पिशवी घेतली. ती कोणी धरायची यावरून कुडाळच्या स्टँडवर आमचं वाजलं. पिशवी घेऊन दादा गाडीत पुढे बसला, मी मागे जाऊन बसलो.

इन्सुलीला तो नाक्यापाशीच उभा होता. टोपी तीच. विजार खाली सोडलेली. बूट पायात होते. मला वाईट वाटलं ते तेवढंच. तिथे पाणी नव्हतं.

त्याने आम्हांला लगेच ओळखलं. सोड्यांचा वास घेऊन पिशवी आत ठेवली आणि रिकामी पिशवी आणून दादाच्या हातात दिली. चहा मागवला. नव्या कारकुनाची चौकशी केली.

"शिक्को मारता," मी म्हटलं.

"रबरी?"

"रबरी."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मगे शाई सुकाची वाट बघूक नको," म्हणाला.

मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते तोंडाशी आलं. पण बाहेर पडलं ते असं: "तो अर्ज खरो होतो."

"माका ठावक आसा. खोटो आसलो तर मी भांडलंय आसतंय." मग त्याने विचारलं, "दोगय एकाच गाडयेन इलास?"

"होय."

"एकाच बाकार?"

दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हो मागे बसलो."

मी त्याच्याकडे बोट करून म्हटलं, "हो फुडे बसलो."

 लॉरी आली होती. त्याने ड्रायव्हराला खाली उतरवला आणि हॉर्न वाजवून दाखव म्हणाला.

उन्हं उतरली तेव्हा परतीची एसटी आली. आम्ही चढलो. रिकामी पिशवी कोणी घ्यायची हा प्रश्न होताच. दादा तिच्यासकट पुढे बसला, मी मागे. गाडी सुटली आणि वीस पावलांवर थांबली. पुढे रस्त्याच्या मध्ये तो हात वर करून उभा होता, लॉऱ्यांना करायचा तसा.

कंडक्टर म्हणाला, "काय झालं, साहेब? गाडीत काय नाय."

तो वर चढला. हात पाठीमागे बांधले आणि गाडीतून चालत मागेपर्यंत आला. डोळे मात्र उघडे होते. माझ्या बाकापाशी येऊन उभा राहिला.  सगळी गाडी बघत होती.

कोणी सांगितलं म्हणून उठलो, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. त्यानेही सांगितलं नव्हतं. मी उठलो, पुढे गेलो आणि दादाच्या बाकापाशी उभा राहिलो. पिशवी बाकावर होती. ती त्याने उचलून मांडीवर घेतली.

मागून कंडक्टरने विचारलं, "साहेब, सोडू?"

तो आमच्याकडे बघत होता. हलला नाही. मी बसलो नव्हतो.

"सर मरे थोडो," मी म्हटलं.

दादा सरला.